ज्वालामुखीचा खडक सगळीकडे सारखा नसतो

संपादक महोदय,

सह्याद्रीही ज्वालामुखीतून घडला आणि फिलिपिन्सची बेटंही, मग तांबं-सोनं त्यांच्याच वाट्याला का, असा प्रश्न याच सदरात एका वाचकाने विचारला आहे. आपल्याकडे कुणी शोधतच नाही, असा त्यांचा रोख दिसतो. प्रश्न रास्त आहे, रोख मात्र पटत नाही. मी अनेक वर्षं भूशास्त्र शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फिलिपिन्सच्या लुझोन बेटावरची मंकायानची लेपांतो ही तांब्या-सोन्याची खाण घ्या. तिथे समुद्राचा तळ बेटाखाली सरकतो आणि जाताना पाणी घेऊन जातो. त्यामुळे तिथल्या शिलारसात पाणी आणि गंधक भरपूर. सुमारे १४ लाख वर्षांपूर्वी अशा शिलारसातले वायू भूजलात मिसळले आणि इतकं जहाल आम्ल तयार झालं की डेसाइट खडकातलं सिलिका सोडून जवळपास सगळं धुऊन निघालं. फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक गेले, त्यांच्या आकाराची भोकं तेवढी राहिली. असा तुकडा हाताला खरखरीत आणि अपेक्षेपेक्षा हलका लागतो. भोकांत काळपट राखाडी, धातूसारखं चमकणारं एनर्जाइट हे तांब्याचं खनिज दिसतं. सोनंही नंतरच्या द्रावांबरोबर याच सच्छिद्र गाभ्यात आलं. गाभ्यापासून दूर जावं तसा आम्लाचा जोर ओसरतो. आधी अल्युनाइट या खनिजाचा पट्टा, मग डिकाइट-केओलिनाइटची पांढरी माती (जिभेला लावली की चिकटते, आम्ही ती तशीच ओळखतो) आणि कडेला हिरवट क्लोराइट. या साठ्याच्या एका टोकाखाली खोलवर ‘फार साउथईस्ट’ नावाचा दुसरा साठा आहे. तिथलं तांबं मुख्यतः कॅल्कोपायराइट या वेगळ्या खनिजात आहे.

आपल्या सह्याद्रीचा काळा खडक, म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून थरावर थर ओतला गेला. त्या शिलारसात पाणी फार कमी होतं. लेपांतोसारखं आम्ल इथे फिरलं नाही, याची खूण आपल्याच खाणींत आहे. वाघोलीचं निळं कॅव्हेन्साइट, जळगावकडचं हिरवं अपोफिलाइट, सोबतीला स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट ही जिओलाइट गटातली खनिजं. जिओलाइट वाढतात ते कोमट ते गरम, अल्कलीकडे (म्हणजे आम्लाच्या उलट) झुकणाऱ्या पाण्यात. लेपांतोसारखं आम्ल इथून फिरलं असतं, तर त्यांना लागणारं कॅल्शियम आणि सोडियम खडकात उरलंच नसतं. जगभरचे संग्राहक ज्यासाठी महाराष्ट्रात येतात, तीच ही खनिजं तांब्या-सोन्याच्या विरोधात साक्ष देतात.

तांबं आपल्या आसपास आहे, पण दख्खनच्या थरांत नाही. गोंदियापलीकडे बालाघाट जिल्ह्यात मलांजखंडला ते सुमारे २५० कोटी वर्षं जुन्या ग्रॅनाइटी खडकांत आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासनालाही ते बेसॉल्टहून कितीतरी जुन्या खडकांत सापडलं आहे. शोध घ्यायचा तो पूर्व विदर्भात, आणि तिथे तो चालूही आहे.

आपल्या बातमीदारांनाही एक विनंती. साठा सापडल्याच्या बातमीत किती टन एवढंच येतं. तांबं कोणत्या खनिजात आहे आणि कोणत्या पट्ट्यात, हेही विचारावं. एनर्जाइटमध्ये वजनाने जवळपास १९ टक्के आर्सेनिक असतं. असा माल वितळवणं अवघड आणि महाग पडतं, आणि खाणीचं सांडपाणी नीट हाताळलं नाही तर ते आर्सेनिक खालच्या गावांच्या विहिरींपर्यंत पोचू शकतं. त्या गावांना हे खाण सुरू होण्याआधी कळायला हवं.

— भूशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, पुणे