यंदा मी वाट बघून ठेवली आहे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

मावशीकडचं लग्न ठरल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा तू "अरे वा" म्हणालीस आणि मग गप्प झालीस. कळलं मला. बस्ता लक्ष्मी रोडला म्हणजे पुण्याला येणं आलं, आणि पुणं म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येतो.

आधी एक लिहून मोकळी होते. दोन वर्षांपूर्वी, दिवाळीआधीच्या शनिवारी, तुळशीबागेत तू बांगडीवाल्याच्या खांबाला टेकून उभी राहिलीस. ओठ पांढरे पडले होते. "आई, हाताला मुंग्या आल्यात, श्वास पुरत नाहीये." आणि मी म्हणाले, "अगं, एवढ्या बायका फिरतायत, त्यांना काही होत नाही ते!" चुकलं माझं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तू दापोलीला गेलीस ती पुन्हा आलीच नाहीस.

नंतर आपल्या डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं. जीव घाबरला की माणूस भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून हाताला मुंग्या येतात, गरगरतं. श्वास सावकाश, लांब सोडत राहिलं की हळूहळू उतरतं. तू त्या दिवशी जे सांगत होतीस ते अक्षरन् अक्षर खरं होतं.

म्हणून गेले पंधरा दिवस मी तुझ्यासाठी वाटा बघत हिंडते आहे.

स्वारगेटला सगळ्यांना उतरू दे, तू शेवटी उतर. मी फलाटावर असेन. रिक्षावाल्यांच्या घोळक्यात शिरायचंच नाही, तिथून भुयारी मेट्रो धरायची. सप्टेंबर २०२४ मध्ये ती स्वारगेटपर्यंत आली, तू ती पाहिलेलीच नाहीस. सरकत्या जिन्याने खाली गेलं की वरचे हॉर्न मागे पडतात. पुढचंच स्टेशन मंडई. सकाळी सातला मी बसून पाहिलं, डब्यात मोजून अकरा माणसं. संध्याकाळी सहाला गेले तर हात धरायला दांडी सापडेना. तेव्हा सकाळी पोचेल अशीच गाडी बघ. मंडईत वर आल्यावर भाजीवाल्यांचा गलका असतो, तेवढा पाच मिनिटं सोसावा लागेल.

बस्त्याला मंगळवारी साडेदहाला जायचं. तेव्हा दुकानदार नुकतीच उदबत्ती लावून बसलेले असतात. संध्याकाळ नको, शनिवार-रविवार तर नकोच. दुकान तळमजल्यावरचं बघितलंय, गादीवरून रस्ता दिसतो. तिथल्या काकांना सांगून ठेवलं, माझी लेक मध्येच उठून बाहेर जाईल. "बरं," म्हणाले, का ते विचारलंसुद्धा नाही. मावशी मात्र जरा कुरकुरली, सगळ्यांनी मिळून जाण्यात मजा असते म्हणाली. असतेच. पण दहा बायका आणि त्यांची पोरं एका गादीवर, ते तुला झेपायचं नाही. आपण दोघी आधी जाऊ, बाकीच्या मागून येतील.

केमिस्टकडून कानात घालायचे फोमचे बोळे आणलेत. स्वयंपाकघरात घालून पाहिले. कुकरची शिट्टी शेजारच्या घरातून आल्यासारखी वाटते, आणि समोरच्याचं बोलणं मात्र कळतं.

तरीही घाबरायला झालं तर रिक्षा करून सरळ पाताळेश्वर. जंगली महाराज रस्त्याला इतकं लागून आहे की लोक रोज समोरून जातात आणि आत वळत नाहीत. आठव्या शतकातलं लेणं, कातळ खाली खोदत नेलेला. परवा दुपारी मी नंदीच्या गोल मंडपापाशी अर्धा तास बसले. रस्त्याची नुसती घरघर उरते, एकेक हॉर्न असा वेगळा टोचत नाही. दगड गार होता. लहानपणी तू तिथल्या खांबांना मिठी मारायचीस, हाताला हात लागायचा नाही म्हणून रडायचीस. मी परवा मारून पाहिली. माझेही हात पुरत नाहीत.

आणि स्वारगेटला उतरल्या उतरल्या परत फिरावंसं वाटलं, तर परतीच्या तिकिटासाठी मीच रांगेत उभी राहीन. एक शब्द बोलणार नाही. साडी मी घेऊन पाठवीन. मोरपंखीच आवडतो ना अजून? कळव.

तुझी,
आई