पाच नद्यांच्या गावाहून आल्यावर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल पहाटे सोलापूरला उतरले. बाबा स्टेशनवर घ्यायला आले होते. गुडघा बराच सुधारलाय, जिना चढले. तू फोनवर विचारलंस, "कसं झालं?" आणि मी "छान झालं" म्हणून फोन ठेवला, कारण तुला मीटिंगला जायचं होतं. मला जे सांगायचंय ते तेवढ्या पाच मिनिटांत मावणारं नव्हतं. म्हणून लिहायला बसले.

आधी एक कबूल करते. तुझ्या लग्नाला चार वर्षं झाली, आणि या चार वर्षांत मी तिरुवैयारुला, तुझ्या सासुरवाडीला, गेले नव्हते. त्यांनी दरवर्षी बोलावलं. कधी पाहुणे होते, कधी बाबांचं ऑपरेशन, पण खरं कारण भाषेचं होतं. चार दिवस तोंड मिटून बसायचं कसं, याची मला धास्ती होती. लग्नातही मी विहीणबाईंकडे पाहून हसत राहिले, त्यापलीकडे काही बोलले नाही. या वेळी सूनबाईंचा सातवा महिना, वळैकाप्पूचं, म्हणजे तिकडच्या डोहाळजेवणाचं, बोलावणं, आणि तुला सुट्टी नाही. आपल्या घरातलं कुणीतरी हवंच होतं. म्हणून निघाले.

चेन्नईत एग्मोर स्टेशनवर रात्रीची गाडी पकडली. तिचं नाव उळवन एक्सप्रेस. उळवन म्हणजे शेत नांगरणारा. शेतकऱ्याच्या नावाची गाडी मी पहिल्यांदाच पाहिली आणि उजाडता उजाडता तंजावरला उतरल्यावर ते नाव का ठेवलं असेल ते समजलं. व्याही घ्यायला आले होते. तंजावर ते तिरुवैयारु अंतर १२-१३ किलोमीटरच, पण वाटेत पूल लागत जातात. प्रत्येक पुलावर व्याही गाडी हळू करायचे आणि बोटांवर मोजत नाव सांगायचे : वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. 'ऐ' म्हणजे पाच आणि 'आरु' म्हणजे नदी. पुढे मानाचा 'तिरु', आपल्या 'श्री'सारखा. गावाचं नाव असं ओलांडत ओलांडतच पोचतं माणूस.

मेट्टूर धरणातून कावेरीचं पाणी रिवाजाने १२ जूनला सोडतात. हे धरण १९३४ मध्ये पुरं झालं, पण त्याच्याही खाली कल्लणै आहे, करिकाल चोळ राजाने घातलेला दगडी बांध. तिथून पाणी वाटून या नद्यांत आणि पुढे पाटांत जातं. मी गेले तेव्हा पाणी येऊन पोचलं होतं. दोन्ही बाजूंना कुरुवैची, म्हणजे त्यांच्या हळव्या भाताची, लावणी चालली होती. बायका ओळीने वाकलेल्या, पायाखाली चिखल आणि पाण्यात आभाळ. आपण उजनीच्या पाण्याची वाट बघणारी माणसं. पाणी आल्याची तारीख सणासारखी लक्षात ठेवणारं गाव मला लगेच आपलं वाटलं.

घर जुनं आहे. दाराशी दोन्ही बाजूंना तिण्णै, म्हणजे आपली ओसरीच. आत चौक, वरून उघडा. पहाटे सूनबाईंची अम्मा दारात सडा घालून तांदळाच्या पिठाची कोलम काढते. ठिपके आधी, मग त्यांच्याभोवती वळत जाणारी एकच रेघ. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत आपण ठिपके जोडतो. इथे रेघ ठिपक्याला शिवत नाही, त्याला वळसा घालून जाते. मी दुसऱ्या दिवशी शेजारी बसून आपली गोपद्मं काढली. विहीणबाईंनी ती पुसू दिली नाहीत. दुपारपर्यंत त्यांच्या कोलमशेजारी आपली गोपद्मं होती.

आता पाट्टींचं, म्हणजे सूनबाईंच्या आजींचं, सांगते. हे पत्र खरं तर त्यांच्यासाठीच आहे.

मी उंबरा ओलांडला तेव्हा त्या झोपाळ्यावर बसल्या होत्या. वय ८४. मला जवळ बसवलं, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तमलीस का?" मला वाटलं तमिळ आहे. मी सूनबाईंकडे पाहिलं. ती हसली नाही, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. म्हणाली, "आई, मराठी आहे. दमलीस का." तमिळ लिपीत त आणि द यांना एकच अक्षर, प आणि ब यांनाही एकच. पाट्टींनी एका शाळेच्या वहीत तमिळ अक्षरांत मराठी वाक्यं लिहून घेतली आहेत. मी वही पाहिली. नात सांगते आणि आजी लिहिते, असं दीड वर्ष चाललंय. दमलीस का. जेवलास का. तिकडे थंडी आहे का. तब्येत सांभाळ. मी बरी आहे. वाचताना द चा त होतो आणि ब चा प होतो, पण प्रत्येक वाक्य घरातलं आहे.

बाळा, ती वाक्यं माझ्यासाठी नव्हती. 'जेवलास का' असं लिहिलंय, 'जेवलीस का' नाही. ती तुझ्यासाठी आहेत. नातजावयाशी फोनवर बोलायचं म्हणून. मी विचारलं, मग बोलल्या का? सूनबाईंनी खाली बघून सांगितलं, फोन पाट्टींकडे दिला की तू "हाय पाट्टी, हाऊ आर यू" म्हणतोस, त्या वही उघडेपर्यंत हसतोस, आणि फोन परत मागतोस. तू मुद्दाम केलं नाहीस हे मला ठाऊक आहे. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास. पण वही कोऱ्यासारखी राहिली रे.

वळैकाप्पू म्हणजे आपलं डोहाळजेवणच, फक्त मान इथे बांगड्यांचा. आधी कडुनिंबाच्या काडीचं कडं, मग काचेच्या बांगड्या, लाल आणि हिरव्या, दोन्ही हात भरून. गावातल्या बायका एकेक करून येतात, गालाला चंदन-हळद लावतात, बांगडी चढवतात. बाळंतपणापर्यंत त्या काढायच्या नाहीत. त्यांची किणकिण पोटातल्या बाळाला ऐकू जाते, असं पाट्टी म्हणाल्या. सूनबाईंनी हात हलवून दाखवला आणि सगळ्या गप्प बसून ऐकत राहिल्या. जेवायला केळीच्या पानावर भातच भात : चिंचेचा, लिंबाचा, ओल्या नारळाचा, तिळाचा आणि शेवटी दहीभात. मग मला गाणं म्हणायला सांगितलं. मी आजीच्या तोंडी ऐकलेलं डोहाळ्याचं गाणं म्हटलं. कुणाला शब्द कळला नसेल, पण तिसऱ्या कडव्याला चार बायका टाळ्यांनी ताल धरून होत्या. शेजारच्या मामींनी उत्तरादाखल काय म्हटलं असेल? अभंग. त्यांच्याकडे भजनात पिढ्यान्‌पिढ्या मराठी अभंग म्हणतात. आषाढी जवळ आलेली, आणि मी पंढरपूरच्या जिल्ह्यातली बाई कावेरीकाठी बसून विठ्ठलाचं नाव ऐकतेय. माझा गळा दाटला.

आल्यागेल्या प्रत्येकाला विहीणबाई माझी ओळख एकाच शब्दात करून देत होत्या : "संबंधी." मला आधी वाटलं, 'ही आमची नात्यातली' असं म्हणत असतील. मग कळलं की तमिळमध्ये विहीण-व्याह्यांनाच 'संबंधी' म्हणतात. आपण संबंध म्हणतो तो सगळ्यांशी. त्यांनी तो शब्द या एका नात्यासाठी राखून ठेवलाय.

देवळात गेलो तेव्हा याचीच एक गोष्ट ऐकली. ऐयारप्पर म्हणजे पाच नद्यांचा स्वामी शंकर, आणि देवीचं नाव धर्मसंवर्धिनी. नंदीचं लग्न या देवानेच लावून दिलं असं मानतात. दरवर्षी शेजारच्या तिरुमळपाडीला ते लग्न होतं आणि पुढे चैत्र-वैशाखात देव त्या नवराबायकोला घेऊन पालखीतून सात गावं फिरतो. आता त्या गावांची नावं ऐक. तिरुच्चोट्रुत्तुरै, कारण लग्नाचा भात, म्हणजे 'सोरु', तिथून आला. फुलं तिरुप्पून्दुरुत्तीहून, 'पू' म्हणजे फूल. फळं तिरुप्पळनमहून, 'पळम' म्हणजे फळ. वेद म्हणणारे ब्राह्मण तिरुवेदिकुडीचे. तूप तिल्लैस्थानमचं, त्याचं जुनं नाव तिरुनेय्तानम आणि 'नेय्' म्हणजे तूप. आणखी एक गाव तिरुक्कंडियूर, आणि सातवं खुद्द तिरुवैयारु. एका लग्नासाठी पंचक्रोशीने आणलेल्या शिध्याची यादी अशी गावांच्या नावांत राहून गेली आहे. व्याही हे सांगताना प्रत्येक गावाच्या दिशेला हात करत होते. मला मात्र तुझं लग्न आठवलं, आणि आपण मानपानाची जी यादी त्यांना पाठवली होती ती. त्यांनी त्यातलं एकही कमी केलं नव्हतं. मी व्याह्यांना तिथेच हात जोडले. त्यांना कारण समजलं नाही, त्यांनीही जोडले.

संध्याकाळी नदीकाठी, रामाची गाणी रचणाऱ्या संत त्यागराजांच्या समाधीवर जायचो. ते १७६७ मध्ये तिरुवारूरला जन्मले, आयुष्य या गावात काढलं आणि ६ जानेवारी १८४७ ला इथेच गेले. गल्लीतून रामाचं नाव गात भिक्षा मागायचे. त्याला उंछवृत्ती म्हणतात, आपली माधुकरीच. गाव तमिळ, गाणी तेलुगु आणि तंजावरच्या गादीवर आपले भोसले. सरफोजीराजांनी बोलावणं पाठवलं आणि हे गेले नाहीत, अशी कथा आहे. तंजावरच्या मोठ्या देवळात याच राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत भिंतीवर कोरवून घेतलाय. तीही भिंत पाहिली, पण खरं सांगू, मन रमलं ते समाधीपाशीच. पौष महिन्यातल्या वद्य पंचमीला तिथे शेकडो गायक एकत्र बसून पंचरत्न कृती, म्हणजे त्यांची पाच मोठी गाणी, गातात. मी गेले तेव्हा एक म्हातारे गृहस्थ आणि दोन शाळकरी मुली एवढेच होते. मुली तेलुगु गात होत्या आणि मला अर्थ लागत होता, आपल्या पूर्व भागातल्या तेलुगु विणकरांच्या घरी मी लहानपणी निम्मा दिवस असायचे ना, त्यामुळे. मुलींना तो अर्थ ठाऊक नव्हता. मी एका ओळीचा अर्थ खुणांनी सांगितला. सोलापूरच्या मराठी बाईने तमिळ पोरींना तेलुगु सांगितलं!

समाधीसमोर एका बाईची मूर्ती आहे, समाधीकडे तोंड करून, हात जोडलेली. बंगळूर नागरत्नम्मा. म्हैसूरकडच्या नंजनगूडच्या, देवदासी घराण्यातल्या. समाधी पडीक झाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी आपल्या गाण्याच्या कमाईतून हे मंदिर बांधलं, १९२५ मध्ये ते पुरं झालं. आणि ज्या उत्सवात बायकांना गाऊ देत नव्हते, त्यात त्यांनी बायकांना गायला बसवलं. १९५२ मध्ये त्या गेल्या. सूनबाई मला म्हणाली, "मुलगी झाली तर तिला इथे आणायचं." मी म्हटलं, मुलगा झाला तरी आणायचं.

बाळा, तू नोकरीसाठी आठ महिन्यांत जर्मन शिकलास. रात्री जागून, कानात वायरी घालून. आम्हाला अभिमान वाटला. आपल्या गल्लीत कन्नड, तेलुगु, दखनी ऐकत वाढलास, तुझी जीभ जड नाही. मग तमिळ का राहिलं? सूनबाई पहिल्या वर्षात मराठी शिकली. माझ्याशी भांडतेसुद्धा मराठीत. तिच्या घरच्या ८४ वर्षांच्या बाईने वही घातली. मी चार दिवसांत पन्नासेक शब्द उचलले. पाट्टींनी माझ्याकडून 'वाळैप्पळम', म्हणजे केळं, दहादा म्हणवून घेतलं. त्यातला ळ आपला नाही, जीभ आणखी मागे वळवावी लागते, टाळूला न लावता. मला अजून जमत नाही, पण रोज भांडी घासताना म्हणते.

तीन महिन्यांत तुझं लेकरू येईल. पहिले काही महिने ते त्या घरात असेल. त्या झोपाळ्यावर पाट्टींच्या मांडीवर ते जे पहिलं ऐकेल ते तमिळ असेल. ते तुला परकं वाटावं, असं मला वाटत नाही.

निघताना विहीणबाईंनी तांबूल दिलं : विड्याची पानं, सुपारी, हळदकुंकू, नारळ, ब्लाऊजपीस. म्हणजे ओटीच. सोबत अशोका दिला, मुगाच्या डाळीचा तुपाळ हलवा, तो या गावचाच. दारात मी म्हटलं, "जाते." आणि सवयीने जीभ चावून "येते" केलं. ते सूनबाईंनी पाट्टींना सांगितलं, की मराठीत घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत. पाट्टी झोपाळ्यावरून उठल्या. म्हणाल्या, आम्हीसुद्धा नाही म्हणत. आम्ही म्हणतो, "पोयिट्टु वरेन." जाऊन येते.

रविवारी आपल्या संध्याकाळी सहाला, म्हणजे तुझ्या अडीचला, पाट्टींना फोन कर. सूनबाईंना नाही, पाट्टींना. पहिलं वाक्य तू बोल : "पाट्टी, साप्टींगळा?" जेवलात का. मग थांब. त्यांना वही उघडायला वेळ लागतो, चष्मा खिडकीत असतो. त्या तमिळ अक्षरांतलं मराठी वाचतील, तू देवनागरीतलं तमिळ वाच. वीस वाक्यं मी वेगळ्या कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवलाय. फोन ठेवताना शेवटचं वाक्य कुठलं म्हणायचं ते वर आलंच आहे.

बाबांचे आशीर्वाद.

तुझी,
आई