शर्यत संपल्यावर घोडा कुठे जातो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महालक्ष्मी रेसकोर्सवर आपल्या दैनिकात काही दिवसांपासून पत्रे येत आहेत. कोणी म्हणते, शहराच्या मध्यावरची एवढी जागा मूठभर शौकिनांकडे कशाला, सगळ्याची बाग करा. कोणी म्हणते, १८८३ पासूनची परंपरा मोडू नका. कोणी कराचा हिशेब मांडते. मी सगळी पत्रे वाचली. एकाही पत्रात घोडा आला नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

माझे वडील रेसकोर्सच्या तबेल्यात मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, होते. आम्ही सात रस्त्याला चाळीत राहायचो. पहाटे तीनला उठून ते चालत तबेल्यात जात. आधी चंदी म्हणजे दाणा आणि पाणी, मग खरारा. सकाळची दौड झाली की घोड्याला हाताने फिरवून थंड करायचे, खूर साफ करायचे आणि चारही पायांवरून तळवा फिरवून बघायचे. गुडघ्याखाली कुठे कढत लागले तर वडील डॉक्टर येण्याआधीच सांगायचे की हा दोन दिवसांत लंगडणार. पावसाळ्यात पुण्याचा सीझन असे. त्या महिन्यांत घोड्यांबरोबर तेही पुण्याला असत आणि दिवाळीच्या सुमारास परत येत. त्यांच्याकडे एक लाल पुठ्ठ्याची वही होती. कोणत्या घोड्याला किती चंदी, कोणाला कोंडा मानवत नाही, कोणाच्या कोणत्या पायाला पट्टी, हे सगळे त्यात मोडी वळणाच्या मराठीत लिहिलेले. घोड्यांची रेसबुकातली इंग्रजी नावे त्यांच्या तोंडात बसत नसत. वहीत सगळी घरची नावे आहेत.

त्यांतला एक सोन्या. आठेक शर्यती पळाला, तीन जिंकला. नंतर एका सकाळी दौडीत पुढच्या डाव्या पायाची नस गेली. दीड-दोन महिने वडिलांनी थंड पाण्याच्या पट्ट्या केल्या. पाय धरू लागला होता. एके दिवशी ते गेले तर खण रिकामा. मालकाच्या माणसाला विचारले, तो म्हणाला, "दिला." कोणाला, ते त्याने सांगितले नाही, आणि मोतद्दाराने दुसऱ्यांदा विचारायची पद्धत नव्हती.

त्यानंतर कितीतरी वर्षे आम्ही गिरगाव चौपाटीला गेलो की वडील भेळ घ्यायच्या आधी रांगेतल्या व्हिक्टोरियांचे, म्हणजे घोडागाड्यांचे, घोडे बघून यायचे. लग्नाची वरात दिसली की नवरदेवाकडे त्यांचे लक्ष नसे, घोड्याच्या पुढच्या पायांकडे असे. शेवटी शेवटी म्हणू लागले, हाफकिनला गेला असेल, कोणाचा तरी जीव वाचवत असेल. ही अगदीच भाबडी समजूत नव्हती. निवृत्त घोडे परळच्या हाफकिन संस्थेकडे जात, त्यांच्या रक्तातून धनुर्वात आणि सर्पदंशावरची औषधे बनत. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ मध्ये उभी राहिली, तिचे मूळही घोड्यांच्या पैदाशीच्या स्टड फार्मवरच्या अशाच घोड्यांत आहे. पण सोन्या कुठे गेला ते वडिलांना मरेपर्यंत कळले नाही.

शर्यतीत पळतो तो थरोब्रेड जातीचा घोडा रानातून धरून आणलेला नसतो. जगातल्या सगळ्या थरोब्रेडांचे पितृकुळ इंग्लंडमध्ये आणलेल्या तीन घोड्यांपर्यंत जाते. कृत्रिम रेतनाला या जातीत परवानगीच नाही, घोडा-घोडीचा प्रत्यक्ष संयोग झाला तरच शिंगराची नोंद होते. पुण्यातल्या स्टड बुक, म्हणजे घोड्यांच्या वंशावळीच्या नोंदवहीच्या, कार्यालयात आई, बाप, जन्मतारीख, अंगावरच्या खुणा सगळे लिहिलेले असते. शर्यतीला उभे करताना वजन किती द्यायचे याचाही काटेकोर हिशेब, म्हणजे हँडिकॅप. मागच्या शर्यतीत कितव्या नंबरला आला, किती लांबीने हरला, स्टुअर्डांनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, काय शेरा मारला, सगळे छापले जाते. आपल्याकडे माणसांचीसुद्धा एवढी नोंद कोणी ठेवत नाही. हा घोडा दुसऱ्या वर्षी पळायला लागतो आणि बहुतेक सहा-सात वर्षांचा होईतो त्याचे पळणे संपते. नीट सांभाळला तर पंचवीस वर्षे जगतो. पळतो त्या चार-पाच वर्षांचा सेकंदासेकंदाचा हिशेब आपल्याकडे आहे, आणि उरलेल्या अठरा-वीस वर्षांची एक ओळ कुठे छापलेली माझ्या पाहण्यात नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि जागेचा करार, कर, बाग या सगळ्या वादांत ते आधी यायला हवे.

कराचे बोलायचे तर रेसवाल्यांची तक्रार मला खरी वाटते. २०१७ मध्ये शर्यतीवरच्या पैजेवर जीएसटी आला तो २८ टक्के, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. शर्यती चालवणाऱ्या क्लबाच्या कमिशनवर नव्हे, लावलेल्या रकमेवर. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला, तरी करात तिची जागा कॅसिनोच्या शेजारी. टोटवर, म्हणजे रेसकोर्सच्या अधिकृत बेटिंग खिडकीवर, शंभर रुपये लावणारा माणूस आता फोनवरच्या बेकायदा बुकीकडे जातो, तिथे ना कर, ना पावती. सरकारच्या हाती त्यातले काहीच लागत नाही. मी लहान असताना रविवारी दुसऱ्या स्टँडात उभे राहायला जागा मिळत नसे, गिरण्यांचे कामगार पाळी संपवून यायचे. आज तिथे कितीतरी बाक रिकामे असतात.

पण हा कर शेवटी कोणाच्या पाठीवर बसतो ते कोणी लिहीत नाही. बक्षिसाची रक्कम बहुतांशी बेटिंगच्या कमिशनमधून येते. बेटिंग आटले की बक्षीस आटते, बक्षीस आटले की मालकाला महिन्याचे ट्रेनिंगचे बिल जड होते. मग तो पहिल्यांदा कोणाला काढतो? चालू घोड्याला नाही. लंगड्याला काढतो, म्हाताऱ्याला काढतो, आणि त्याच्यामागे एका मोतद्दाराचे कामही जाते. म्हणून कर कमी व्हावा असे मलाही वाटते. मात्र जी सवलत क्लब मागतो, तिच्याबरोबर त्याने घोड्याचा हिशेबही द्यावा.

जागेबद्दल माझे मत कदाचित रेसवाल्यांना आवडणार नाही. २११ एकरांपैकी १२० एकर मोकळ्या बागेसाठी आणि ९१ एकर क्लबाकडे, भाडेपट्टा २०५३ पर्यंत, या वाटणीला माझा विरोध नाही. वरळी, महालक्ष्मी, ताडदेवच्या मुलांना पाय पसरायला मैदान हवेच. इतकी वर्षे ही जागा टॉवरांखाली गेली नाही याचे कारण तिथे घोडे पळत होते, हेही बागवाल्यांनी विसरू नये. सकाळी ट्रॅकच्या आत चालायला येणारी शेकडो माणसे शर्यतींमुळेच मोकळ्या हवेत चालतात. मी स्वतः त्यांतला एक आहे. पण ही जमीन सरकारची आणि पालिकेची, म्हणजे आपली आहे. आपल्या जमिनीवर जो खेळ चालतो त्यातल्या जनावराचे पुढे काय होते, हे विचारायचा हक्क सभासदांपुरता नाही, तो मुंबईकराचाही आहे.

मी मागतो ते अवघड नाही. दर सीझनच्या शेवटी क्लबाने एक तक्ता छापावा, मराठीतही. किती घोडे पळाले, सकाळच्या दौडीत आणि शर्यतीत किती जायबंदी झाले, किती मारावे लागले, किती निवृत्त झाले, आणि निवृत्त झालेला प्रत्येक घोडा कोणाच्या ताब्यात गेला. पुढे हात बदलले तर पुढची नोंद. बापाच्या बापाचे नाव लिहून ठेवणाऱ्या स्टड बुकाला एवढे अशक्य नाही. हाँगकाँगचा जॉकी क्लब प्रत्येक घोड्याच्या दुखण्याची नोंद वेबसाइटवर टाकतो. अमेरिकेत शर्यतीतल्या जखमांची राष्ट्रीय नोंद २००८ पासून ठेवतात. ब्रिटनमध्ये निवृत्त घोड्यांना दुसरे काम शिकवणारी संस्था शर्यतींच्याच उद्योगाने २००० मध्ये उभी केली, आणि त्यामुळे तिथल्या शर्यती बंद पडल्या नाहीत.

नोंद नसली की काय होते ते २०२५ च्या उन्हाळ्यात दिसले. हैदराबादहून ५७ घोडे जबलपूरजवळ नेले गेले, तिथे त्यांतले काही मेले, आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ती बातमी वाचली तेव्हा मला चौपाटीवरचे वडील आठवले. प्रत्येक घोड्यामागे त्याला नावाने हाक मारणारा एक तरी माणूस कुठल्या तरी तबेल्यात असणार.

मोतद्दारांचा विचार जागेच्या कराराच्या चर्चेत होतो आहे का, हाही माझा प्रश्न आहे. नवे तबेले बांधायचे तर खण किती, वाळूचे रिंगण केवढे, हे नकाशात येईलच. पण जो माणूस पहाटे तीनला कामाला लागतो त्याची झोपायची खोली कुठे, तिला संडास-मोरी आहे का, लाथ बसून बरगडी मोडली तर पगार कोण देणार? वडिलांची दोन बोटे एका चाव्यात गेली. त्याचे पैसे त्यांना मिळाले नाहीत, आणि त्यांनी मागितलेही नाहीत. नालबंद, रायडिंग बॉय, मोतद्दार ही माणसे डर्बीच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीच्या, फोटोत येत नाहीत. १९४३ पासून इंडियन डर्बी महालक्ष्मीला पळते. दर फेब्रुवारीत दुसऱ्या दिवशी आपल्या वर्तमानपत्रांत बायकांच्या टोप्यांचे आणि सिनेनटांचे फोटो येतात, आपल्याही दैनिकात येतात. संपादक महाराज, येत्या डर्बीला एक बातमीदार पहाटे चारला तबेल्यात पाठवा. जिंकलेल्या घोड्याबद्दल नको, सगळ्यात शेवटी आलेल्या घोड्याबद्दल लिहायला सांगा. तो पुढच्या वर्षी कुठे असेल, तेही त्याच बातमीदाराला शोधू द्या.

शर्यती बंद करा म्हणणाऱ्यांना माझे एकच सांगणे आहे. बंदीच्या दुसऱ्या दिवशी हे सगळे घोडे कुठे जाणार, ते आधी लिहा. व्हिक्टोरिया बंद करण्याचा निकाल २०१५ मध्ये लागला तेव्हा गाडीवाल्यांच्या पुनर्वसनाची बरीच चर्चा झाली, घोड्यांची त्या मानाने थोडीच. तीच चूक दसपटीने व्हायला नको. मला शर्यती हव्या आहेत. थरोब्रेड पूर्ण ताकदीने शेवटचे दोनशे मीटर येताना जमीन पायाखाली थरथरते, ते ज्याने कठड्याला उभे राहून अनुभवले आहे तो हा खेळ मोडायला सांगणार नाही. वडिलांनीही कधी सांगितले नाही. त्यांनी फक्त सोन्याचे विचारले.

ती लाल वही अजून माझ्याकडे आहे. अकरा घोड्यांची घरची नावे, पायांवरच्या खुणा, कपाळावरचे ठिपके, आणि पाच जणांच्या पुढे वडिलांच्या हातचा "गेला" एवढाच शब्द. जुन्या घोड्यांची नोंद करायला कोणी बसणार असेल, तर ती वही मी स्वतः रेसकोर्सवर आणून देईन.

आपला,
एका मोतद्दाराचा मुलगा
सात रस्ता, मुंबई
(नाव छापू नये, ही विनंती)