गुडमन यांच्यावरील लेखात हेंडरसन कसे नाहीत?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील अमेरिकन क्लॅरिनेटवादक आणि वाद्यवृंदप्रमुख बेनी गुडमन यांच्यावरचा पानभर लेख वाचला. चहा बाजूला ठेवून पुन्हा वाचला, पण गुडमन यांच्या वाद्यवृंदासाठी संगीत लिहून देणारे फ्लेचर हेंडरसन हे नाव दुसऱ्या वाचनातही सापडले नाही. गुडमन यांच्या चष्म्याला त्यात एक संपूर्ण परिच्छेद मिळाला आहे. मराठी वृत्तपत्राने स्विंग संगीताला, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदांच्या नाचत्या जॅझला, पान द्यावे याचा मला मनापासून आनंद झाला, आणि तो झाला म्हणूनच हे पत्र लिहीत आहे; एरवी मी पान उलटून शब्दकोड्याकडे वळलो असतो.

लेखक म्हणतात की १९३५ मध्ये गुडमन यांनी आपल्या वाद्यवृंदासाठी 'एक वेगळीच शैली निर्माण केली'. शैली वेगळी होती हे मान्य. निर्मिती कोणाची, एवढाच माझा प्रश्न आहे. हेंडरसन हे जॉर्जियातले, रसायनशास्त्राची पदवी घेऊन १९२० मध्ये न्यूयॉर्कला आलेले गृहस्थ. कृष्णवर्णीय पदवीधराला त्या काळी प्रयोगशाळेपेक्षा पियानोपाशी बसून पोट भरणे सोपे होते. १९२४ पासून रोझलँड बॉलरूममध्ये त्यांचा वाद्यवृंद वाजू लागला, त्यात वर्षभर ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग होते, दहाएक वर्षे सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्स होते, आणि डॉन रेडमन यांच्या लेखणीतून त्या वाद्यवृंदाची घडी बसली, जी पुढे हेंडरसन यांनी स्वतः अधिक सफाईने चालवली. ही घडी म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजायला अवघड नाही. आपल्याकडे फडात सवाल-जवाब रंगतात, तसे सॅक्सोफोनांचा ताफा एक ओळ टाकतो आणि ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा ताफा तिला उत्तर देतो, आणि या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत एकटा वादक आपले म्हणणे मांडून जातो. हे सगळे आयत्या वेळी सुचत नाही. ते कोणीतरी आधी कागदावर लिहावे लागते.

'किंग पोर्टर स्टॉम्प'चेच पाहा. मूळ रचना जेली रोल मॉर्टन यांची, पियानोसाठी केलेली. हेंडरसन यांनी ती आपल्या वाद्यवृंदाकडून १९२८, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ध्वनिमुद्रित केली. गुडमन यांनी ती १ जुलै १९३५ रोजी व्हिक्टर कंपनीसाठी वाजवली, तीही हेंडरसन यांच्याच मांडणीत, म्हणजे कोणत्या वाद्याने केव्हा काय वाजवायचे हे त्यांनीच लिहून दिलेल्या रूपात. बनी बेरिगन यांचा सुरुवातीचा दबक्या आवाजातला ट्रम्पेट अप्रतिम आहे, यात वाद नाही. परंतु शेवटाकडे दोन्ही ताफे एकमेकांवर जे तुटून पडतात, ज्याला आपल्या लेखकाने 'गुडमन यांचा खास स्पर्श' म्हटले आहे, तेथे गुडमन यांचा स्पर्श शोधण्याआधी लेखकाने १९३३ ची तबकडी एकदा ऐकायला हवी होती. ती तीन मिनिटांच्या आसपासची आहे. रविवारचा लेख लिहिणाऱ्याला तेवढा वेळ काढता यायला हरकत नाही.

१९३४ मध्ये हेंडरसन यांचा वाद्यवृंद मोडला आणि पैशाची चणचण झाली. नेमक्या त्याच सुमारास गुडमन यांना बिस्किट कंपनीने पुरस्कृत केलेला, शनिवारी रात्री तीन तास चालणारा रेडिओ कार्यक्रम मिळाला, आणि त्यात नव्या मांडण्यांसाठी वेगळी रक्कम होती. हेंडरसन यांना एका मांडणीमागे साडेसदतीस डॉलर मिळत. त्यांच्या स्वतःच्या वाद्यवृंदाला असला पुरस्कृत कार्यक्रम मिळण्याची शक्यता त्या काळच्या अमेरिकेत जवळजवळ नव्हती. पुढे २१ ऑगस्ट १९३५ रोजी लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये गुडमन यांनी आधी गोडगोड गाणी वाजवून पाहिली तेव्हा श्रोते थंड राहिले आणि हेंडरसन यांच्या मांडण्यांची पाने उघडताच मंचाभोवती गर्दी झाली, अशी हकीकत सांगतात. आपल्या लेखात गर्दी आहे, पाने नाहीत. गुडमन यांना मी दोष देत नाही, कारण त्यांनी हे ऋण कधी लपवले नाही आणि १९३९ मध्ये हेंडरसन यांना आपल्या वाद्यवृंदात घेतलेही. जे खुद्द गुडमन यांनी झाकले नाही ते आपल्या पुरवणीने झाकावे, याचे नवल वाटते.

हे मला इतके का लागले, तेही सांगतो. १९७६ मध्ये आमच्या उपनगरातील एका मंडळाने वाद्यवृंदाचा कार्यक्रम ठरवला आणि बँकेतली नोकरी सांभाळून मी त्यासाठी आठ वाद्यांची पाने लिहिली. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटसाठी प्रत्येक सूर एक पूर्ण स्वर चढवून लिहावा लागतो, आल्टो सॅक्सोफोनचा हिशेब त्याहून निराळा. छापील कागद संपले तेव्हा माझी पत्नी फूलस्केपवर पट्टीने पाच-पाच रेघा आखून देत होती. सात रात्री हे चालले. आल्टोच्या एका पानावर मी घोळ घातला होता, तो तालमीत माहीमहून येणाऱ्या एका वयस्क गोवेकर ट्रम्पेटवादकांनी ऐकताक्षणी पकडला आणि कानामागची पेन्सिल काढून उभ्या-उभ्या दुरुस्त केला. हॉटेलांच्या बँडमध्ये उमेद घालवलेले हे गृहस्थ. हेंडरसन हे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते त्यांच्याच तोंडून. कार्यक्रमाच्या पुस्तिकेत निवेदक होते, मंडपवाले होते, चहापानाची व्यवस्था पाहणारे होते. माझे नाव नव्हते. चिटणिसांना विचारले तर ते अगदी निरागसपणे म्हणाले, "अहो, पण तुम्ही वाजवलंत कुठे? तुम्ही नुसतं लिहिलंत!"

हे 'नुसतं लिहिणारे' आपल्या चित्रपटसंगीतातही काही थोडे झाले नाहीत. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांची मांडणी केली, हे आज तरी जाणकार सांगतात. आपल्या पुरवणीत ते सांगितले जाईपर्यंत मी असेन की नाही, कोण जाणे.

आणखी दोन गोष्टी नाइलाजाने नोंदवतो. १६ जानेवारी १९३८ ची कार्नेगी हॉलमधील मैफल 'लगेच ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने घरोघरी पोहोचली', असे लेखात म्हटले आहे. ती मंचावर टांगलेल्या एकाच मायक्रोफोनवरून तबकड्यांवर उतरवली गेली, त्या तबकड्या वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिल्या, आणि श्रोत्यांच्या हाती ती मैफल आली १९५० मध्ये. शिवाय त्या मैफलीत वाजलेली पहिली रचना मुळात एडगर सॅम्पसन यांची, चिक वेब यांच्या वाद्यवृंदाकडून आलेली. म्हणजे तेथेही लिहिणारा दुसराच. दुसरी गोष्ट छायाचित्राची. त्यात गुडमन यांच्या हातात सरळसोट काळे क्लॅरिनेट स्पष्ट दिसत असताना खाली 'सॅक्सोफोन वाजवताना गुडमन' अशी ओळ छापली आहे. लग्नाच्या वरातीत पुढे चालणाऱ्या बँडवाल्याला विचारले असते तरी त्याने फरक सांगितला असता.

हेंडरसन २९ डिसेंबर १९५२ रोजी वारले. त्यांच्यावर पानभर लेख छापा, असा माझा आग्रह नाही. येत्या रविवारी चार ओळींची दुरुस्ती छापावी आणि तीत त्यांचे नाव असावे, एवढीच विनंती.

कळावे,
आपला,
एक वाचक, विलेपार्ले

ता. क. : मागील खेपेस पाणीपुरवठ्यावरील माझ्या पत्राखाली शेजारच्या पत्रलेखकाचे नाव छापले गेले होते. या खेपेस 'एक वाचक' एवढेच छापावे, म्हणजे चुकायला वाव राहणार नाही.