गाय उभी आहे, म्हणजे बरी आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोकाट गाईच्या पोटातून प्लास्टिकचा गोळा काढल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. डॉक्टरांचे कौतुक व्हायलाच हवे. पण ‘शस्त्रक्रियेनंतर गाय लगेच उभी राहिली, प्रकृती ठणठणीत आहे’ हे वाक्य खटकले. ही शस्त्रक्रिया बहुधा गाय उभी ठेवून, डावी कूस बधिर करूनच करतात. म्हणजे ती आधीही उभीच होती! बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचा असर दीड-दोन तासांत उतरतो, आणि तोवर फोटो काढणारे घरी गेलेले असतात.

मी निवृत्त पशुधन पर्यवेक्षक आहे. टाके घातलेली गाय हंबरडा वगैरे फोडत नाही. भिंतीकडे तोंड करून उभी राहते, मान पाठीच्या रेषेखाली, कान ढिले, पाठीची कमान झालेली. हिरवा मका तोंडात धरते आणि तसाच टाकून देते. रवंथ बंद. रात्री गोठा शांत झाला की दात खाल्ल्याचा करकर आवाज येतो. मालक मात्र सांगतो, ‘लई गरीब आहे, काही त्रास नाही तिला.’ माणूस जवळ गेला की गाय सावध होते, दुखणे लपवते. म्हणून आधी लांबूनच बघावे. नाडीचे ठोके नुसत्या भीतीनेही वाढतात, त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

हे दुखणे मोजता येते. ब्राझीलमधल्या बोटुकाटूच्या पशुवैद्यकांनी 2014 मध्ये त्यासाठी एक मापनश्रेणी प्रसिद्ध केली. चाल, कळपाकडे लक्ष, हालचाल, खाणे आणि जखम चाटणे, शेपटी झटकणे, पाय मागे ताणणे अशा खुणा, या पाच बाबींना प्रत्येकी 0 ते 2 गुण द्यायचे. दहापैकी बेरीज चारच्या वर गेली की वेदनाशामक द्यायचे. ‘ही परदेशी थेरं आपल्या जनावरांना लागू नाहीत’ असे म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, ही श्रेणी खच्ची केलेल्या नेलोर बैलांवर तपासली गेली. नेलोर म्हणजे आपल्या आंध्रातल्या ओंगोल जनावरांचाच वंश, वशिंडासकट.

वेदनाशामक औषधांवर बंदी आली, आता द्यायचे काय, अशीही तक्रार ऐकू येते. मेलेली जनावरे खाणाऱ्या गिधाडांच्या जिवावर उठले म्हणून डायक्लोफिनॅक जनावरांसाठी 2006 मध्ये बंद झाले, 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकही गेले. ते योग्यच झाले. पण मेलॉक्सिकॅम आहे, टोल्फेनॅमिक अ‍ॅसिड आहे, आणि दोन्ही गिधाडांना सुरक्षित. अडचण आहे ती दुसरीकडे. वजनाचा अंदाज न घेता हाताला येईल तेवढे औषध सिरिंजमध्ये ओढले जाते, आणि दुसऱ्या दिवशीचे इंजेक्शन तर बहुतेक वेळा राहूनच जाते. औषध दिल्यावर काही दिवस दूध डेअरीला घालता येत नाही म्हणून काही मालकही ‘नको’ म्हणतात. त्यांचा हिशोब मला कळतो. पण दुखण्याने वैरण सोडलेली गाय दूध तरी कुठून देणार?

सर्वात उपेक्षित तो चिमट्याने खच्ची केलेला गोऱ्हा. कातडी फाटत नाही, रक्त दिसत नाही, म्हणून त्याला काही झालेच नाही असे सगळे धरून चालतात. आत वृषणाची नाडी चिरडलेली असते. त्याच संध्याकाळी तो मागचे पाय फाकवून, जपून पावले टाकतो. त्याला गुण देऊन पाहावेत, चारच्या आत क्वचितच बसेल.

माझी मागणी फार खर्चाची नाही. दवाखान्याच्या केसपेपरवर वेदनेच्या गुणांचा एक रकाना असावा. शस्त्रक्रियेआधी, त्याच संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो भरावा. आधीचे गुण हवेतच, नाहीतर मुळातच मंद असलेली गाय आणि दुखणारी गाय यांतला फरक कळणार कसा? फिरतीच्या डॉक्टरला संध्याकाळी पुन्हा येणे जमत नाही, हे मी जाणतो. म्हणून केसपेपरच्या मागे त्या पाच बाबी साध्या मराठीत छापून मालकाच्या हातात द्याव्यात. मालकिणीच्या हातात दिल्या तर अधिक चांगले, कारण गव्हाणीत किती वैरण उरली हे तिलाच ठाऊक असते. बेरीज चारच्या वर गेली तर तिने दवाखान्यात फोन करावा.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, जि. सातारा