सगळं आठवतं, तरीही डिमेन्शिया

संपादक महोदय,

स. न.

21 सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनानिमित्त आपल्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. सगळा विसरण्याभोवतीच फिरत होता. माझ्या यजमानांना आमचा जुना लँडलाइन नंबर आजही पाठ आहे. तरी त्यांना डिमेन्शिया आहे, फ्रंटोटेम्पोरल प्रकारचा.

यात मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग आधी झिजतो. समोरच्याचा चेहरा वाचणं, कुठे काय बोलू नये हे कळणं, दुसऱ्याच्या दुःखाने कळवळणं, हे तिथलं काम. आजार बहुधा 45 ते 65 या वयात सुरू होतो. देशात डिमेन्शियाचे 88 लाख रुग्ण असल्याचा आकडा नेहमी छापून येतो, तो साठीपुढच्यांचा. आमचं दुखणं 57 व्या वर्षी सुरू झालं; त्या मोजणीत आम्ही बसतच नव्हतो.

नणंदेचे यजमान गेले. दहाव्याला ओंकारेश्वरावर सगळे पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उभे. तेवढ्यात हे मोठ्याने म्हणाले, "अजून किती वेळ? मला भूक लागलीये." ताईंच्या पाठवणीला हमसून रडलेला हा भाऊ! ताई दीड वर्ष आमच्याशी बोलल्या नाहीत.

बाकीचे म्हणाले, रिटायर झाले की पुरुष असेच होतात. त्यातून आपलं पुणं. इथे फटकळ माणसाला आजारी कोण म्हणणार? खरं तर उलटं झालं होतं. एके काळी खवचट बोलण्यात यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि आता टोमणाच कळेना. उशिरा पोहोचल्यावर मेहुणा म्हणाला, "या, फारच लवकर आलात!" तर हे खुशीत "थँक यू" म्हणून आत गेले.

पहिल्या डॉक्टरांनी तारीख-वार विचारले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. सगळं अचूक. मग आम्हा दोघांनाच समुपदेशनाला धाडलं, नवरा-बायकोचं पटत नाही म्हणून! यांच्यासमोर मी काय बोलणार होते? घरच्यांना पाच मिनिटं बाजूला घेऊन "माणूस बदललाय का?" एवढं विचारलं असतं, तर आमची दोन वर्षं वाचली असती. आजार बरा झाला नसता, अल्झायमरच्या नेहमीच्या गोळ्याही यात उपयोगी पडत नाहीत. पण मी रोज भांडले नसते.

पुढच्या पुरवणीत याही प्रकारावर एखाद्या न्यूरॉलॉजिस्टकडून सविस्तर लिहून घ्यावं, ही विनंती. छापून आलं तर कात्रण कोपऱ्यावरच्या वाण्यालाही देईन. गोडाची यांना अनावर ओढ लागली आहे. बरणीतल्या चिक्क्या हे न विचारता उचलतात. मी शंभर रुपये आधीच ठेवून येते. तो वहीत लिहितो, पण गिऱ्हाइकं बघत राहतात.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे