उद्यमनगरच्या फ्यूजवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

दुकानात येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणता आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. कोल्हापुरात आणि आसपास ज्यांच्या शेडमध्ये वेल्डिंग मशीन चालतं, त्या सगळ्यांना कळू दे तुम्ही आमच्यासाठी काय केलंत ते.

उसाचा हंगाम तोंडावर होता. शिरोलीच्या शेडमध्ये ट्रॉल्यांच्या चासी अर्धवट उभ्या आणि ४०० अँपियरपर्यंत वेल्डिंग करंट देणारं सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारं) वेल्डिंग मशीन सारखं फ्यूज उडवत होतं. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा: ४० अँपियरचा फ्यूज काढा, ६३ चा टाका. एकानं तर उडालेल्या फ्यूजच्या दोन्ही पात्यांवरून तांब्याची तार गुंडाळून द्यायची तयारी दाखवली. तुमच्याकडेही मी ६३ चाच मागितला होता. तुम्ही तो काउंटरवर ठेवलाच नाहीत. उलट विचारलंत, "नेमप्लेटचा फोटो आहे का? आणि दर वेळी एकाच फेजचा जातोय का?"

दुसरा प्रश्न तोवर कुणालाच सुचला नव्हता. तीन फेजपैकी जात होता तो दर वेळी बी फेजचाच.

मग तुम्ही बिलाच्या पाठीमागं हिशेब मांडलात. तो कागद अजून जपून ठेवलाय. मशीन लाइनमधून जास्तीत जास्त ३२ अँपियर घेतं. ड्युटी सायकल ६० टक्के, म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क आणि चार मिनिटं विश्रांती. तापण्याच्या दृष्टीनं धरायचा करंट ३२ गुणिले ०.६ चं वर्गमूळ, जवळजवळ २५. ४० चा जीजी, म्हणजे सर्वसाधारण कामाचा फ्यूज ५० अँपियरवर तासभर टिकतो, ६४ वर मात्र तासाच्या आत जायलाच हवा. "मग हा ३२ वर कसा जातोय? करंट जास्त नाहीये, दुसरंच काहीतरी आहे," असं म्हणून तुम्ही पेन खाली ठेवलंत. आणि ६३ चा का नको, तेही तिथंच सांगितलंत. त्यातून १०० अँपियर गेले तरी तो उडायला तास लागू शकतो. तेवढ्या वेळात आमच्या ६ स्क्वेअर एमएम केबलचं इन्सुलेशन वितळून जाईल.

त्यानंतर जे केलंत ते माझ्या पोरांना मी आजही सांगतो. आमचा उडालेला फ्यूज वर्तमानपत्रावर ठेवून तुम्ही हातोडीनं फोडलात. चिनी मातीचं कवच फुटलं आणि आतली क्वार्ट्झची वाळू कागदावर सांडली. वाळूतून तुम्ही चिमट्यानं ती पातळ पट्टी उचललीत आणि उजेडात धरलीत. पट्टीवर ओळीनं भोकं, मधोमध कथलाचा ठिपका, आणि पट्टी तुटलेली फक्त त्या ठिपक्यापाशी. बाकीची भोकं जशीच्या तशी. शॉर्ट झाला असता तर सगळ्याच भोकांपाशी पट्टी एकदम उडाली असती आणि आर्कच्या उष्णतेनं वाळू वितळून मिठाच्या खड्यासारखी गच्च झाली असती. इथं वाळू मोकळी होती. पट्टीतली चांदी वितळायला ९६२ अंश लागतात, कथील २३२ लाच वितळतं आणि शेजारचा धातू स्वतःत विरघळवून घेतं. म्हणजे फ्यूज हळूहळू तापून गेलाय, आणि ती उष्णता बाहेरून येतेय. हे तुम्ही एवढ्याशा पट्टीवरून ओळखलंत!

संध्याकाळी दुकान बंद करून तुम्ही स्वतः शिरोलीला आलात. मेनला कुलूप घातलंत, किल्ली खिशात टाकलीत, मगच हात लावलात. बी फेजच्या फ्यूज बेसचा, म्हणजे फ्यूज ज्यात बसतो त्याचा, जबडा काळा पडला होता, त्याच्या स्प्रिंगमध्ये दमच राहिला नव्हता आणि खालचा लग (केबलच्या टोकाची धातूची टोपी) बोटानं हलत होता. तिथं जो ताप व्हायचा तो सरळ फ्यूजमध्ये शिरायचा. तुम्ही बेस बदललात, लग नव्यानं दाबून क्रिंप केलात आणि तिन्ही फ्यूज नवे घातलेत, कारण एक गेला की उरलेल्या दोघांनीही थोडाफार मार खाल्लेला असतो. आमच्या वायरमनला शेजारी बसवून समजावलंत की टेस्टर फ्यूजच्या दोन्ही टोकांना पेटला म्हणून फ्यूज चांगला असं धरू नये. ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून दुसऱ्या फेजचा करंट फिरून येतो आणि उडालेल्या फ्यूजच्या पलीकडेही टेस्टर पेटवतो. फ्यूज बाहेर काढून मीटरवरच बघायचा. मला विचाराल तर ही एक गोष्ट प्रत्येक आयटीआयच्या पोराला पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवी.

एवढ्यावर तुम्ही थांबला असतात तरी आमचं काम भागलं असतं. पण तुम्ही मशीनचं झाकणही उघडलंत. थायरिस्टरच्या (करंट नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) आधी एआर, म्हणजे झटकन तुटणारा फ्यूज हवा होता, तिथं मागच्या कुणीतरी साधा जीजी बसवला होता. माप तेच, अँपियरही तेवढेच, अंगावरची दोन अक्षरं तेवढी वेगळी. जीजी उडेपर्यंत जेवढी ऊर्जा पुढं जाते तेवढ्यात थायरिस्टर मरतो, एआर त्याच्या आधी तुटतो. तो फ्यूज कोल्हापुरात मिळेना, तेव्हा तुम्ही मुंबईच्या लोहार चाळीत ओळखीच्या माणसाला फोन लावून ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं मागवून घेतलात. बिलात फक्त सामान लावलंत. येण्याजाण्याच्या पेट्रोलचे पैसेही घेतले नाहीत.

काका, ट्रॉल्या वेळेवर गेल्या. पण त्याहून मोठं म्हणजे, माझी पोरं रोज त्या पॅनेलजवळ उभी असतात. तार गुंडाळलेल्या फ्यूजवर खरा शॉर्ट झाला असता तर समोर कोण उभं असतं, हा विचार आला की तुमच्यापुढं हात आपोआप जोडले जातात. ४० अँपियर, जीजी, एवढं आता मेनच्या दारावर रंगानं लिहून ठेवलंय आणि तिघांचा जादा संच कपाटात आहे.

पुढच्या महिन्यात इन्व्हर्टर मशीन घ्यायचं चाललंय. पैसे भरायच्या आधी नेमप्लेटचा फोटो तुम्हाला पाठवतो. आणि दिवाळीत काकूंना घेऊन घरी जेवायला यायचं आहे. या वेळी "त्यात काय एवढं" चालणार नाही.

तुमचा,
शिरोलीचा ट्रॉलीवाला